क्वांटम ‘दुरुस्ती’ नव्हे, संस्कार

प्रश्न : ‘एन्ट्रॉपिक ग्रॅव्हिटी’ला अव्यवस्थाजन्य गुरुत्व आणि तिच्यातल्या ‘क्वांटम करेक्शन’ला पुंज-दुरुस्ती म्हणावे का?

पुंज चालेल. अव्यवस्था मात्र सोडा. भौतिकशास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झनं 1882 मध्ये तो शब्द एन्ट्रॉपीच्या गळ्यात बांधला आणि तो अजून सुटत नाही. ताणलेलं रबर मागे खेचतं, कारण त्यातल्या साखळ्यांना गुंडाळून राहायच्या तऱ्हा ताठ राहायच्या तऱ्हांपेक्षा कितीतरी जास्त असतात. एन्ट्रॉपी म्हणजे अशा तऱ्हांचीच मोजदाद. यात अव्यवस्था कुठे आली? गुरुत्वही याच जातीचं बल आहे, असं एरिक व्हर्लिंडनं 2010 मध्ये मांडलं. (सगळ्यांना ते पटलेलं नाही.) एन्ट्रॉपीला एन्ट्रॉपीच म्हणा.

खरी चीड येते ती ‘दुरुस्ती’ची. कृष्णविवराची एन्ट्रॉपी त्याच्या पृष्ठफळाच्या प्रमाणात असते, हा बेकेन्स्टाइन-हॉकिंग यांचा नियम. रोमेश कौल आणि पार्थसारथी मजुमदार यांनी 2000 साली चेन्नईत, लूप क्वांटम ग्रॅव्हिटी या गुरुत्वाच्या पुंज-सिद्धांताच्या हिशेबानं, त्याला लॉगॅरिदमचं एक पद जोडलं. गुणक उणे 3/2. व्हर्लिंडची मांडणीही याच पृष्ठफळाच्या नियमावर उभी आहे; तसलं पद तिच्यात घातलं, तर एक मीटर अंतरावर न्यूटनच्या बलात पडणारा फरक 10 च्या उणे 70 व्या घाताच्या घरातला. न्यूटनचं असं काय बिघडलं होतं, की दुरुस्ती काढावी?

यासाठीचा नेमका शब्द पंचांगकर्त्यांकडे कधीचा तयार आहे : संस्कार. आधी मध्यम ग्रह, म्हणजे सरासरी गतीनं येणारं ग्रहाचं स्थान, काढायचा, मग मंदफलाचा संस्कार, शीघ्रफलाचा संस्कार, वर चर, भुजांतर असे बारीकसारीक संस्कार, आणि मग हाती येतो स्पष्ट ग्रह, म्हणजे त्याचं आकाशातलं खरं स्थान. मध्यम ग्रह चुकीचा नसतोच. बेरजेतली ती पहिली आणि सर्वांत मोठी रक्कम. भौतिकीवाले नेमकं हेच करतात! आणि ‘संस्कार’मधला तो आगंतुक सकार पाहा. सम् आणि कृ यांच्यामध्ये पाणिनी तो आणतो ‘भूषण’ या अर्थी. म्हणजे संस्कार केला की मूळ गोष्ट खोडली जात नाही, सजते. न्यूटनच्या सूत्राला याहून चपखल शब्द कुणी दाखवावा.

आता कुणी पंडित ‘बीजसंस्कार’ सुचवतील. तो इथे साफ चूक. ज्योतिर्विद लल्लानं आर्यभटाच्या ग्रहांना बीज दिलं, म्हणजे मूळ आकडेच फिरवले, ते गणित वेधांशी, प्रत्यक्ष निरीक्षणांशी, जुळेना म्हणून. दुरुस्ती म्हणायचंच तर त्याला म्हणा. राहिला ‘संस्कार म्हटलं की मुंजच आठवते’ हा आक्षेप. भिंतीवरच्या पंचांगात फक्त सुट्ट्या बघणाऱ्यांना मुंजच आठवणार.