शाब्ली आणि साँसेर सारख्याच लागल्या? आधी बाटल्यांचा प्रवास तपासा

तुमचा प्रश्न वाचला आणि मला माझं जुनं खोकं आठवलं. तुम्ही लिहिता की ऐन जुलैमध्ये ऑनलाइन मागवलेल्या शाब्ली आणि साँसेर, या फ्रान्सच्या दोन पांढऱ्या वाइन, शेजारी शेजारी ठेवून चाखल्या, दोन्ही नुसत्या आंबट लागल्या, फरक कळला नाही, आणि शाब्लीला तर शिजवलेल्या सफरचंदाचा वास येत होता. खाली बरेच जण तुम्हाला जिभेला सवय लावायला सांगत आहेत. मला ते पटत नाही. शिजवलेल्या सफरचंदाचा वास तरुण शाब्लीत असायचं कारणच नाही. तुमची जीभ बरोबर सांगते आहे, बाटली बिघडलेली असावी.

मी सॉमेलिए, म्हणजे पेशाने वाइनतज्ज्ञ, नाही. फ्रान्सच्या शेजारी, जर्मनीत राहतो आणि बऱ्याच वर्षांपासून या दोन वाइन आवडीने पितो, एवढीच माझी पात्रता. तुमची बाटली मी चाखलेली नाही हेही खरं. पण लक्षणं ओळखीची आहेत.

माझं शाब्लीचं खोकं फ्रान्सहून निघालं ते उन्हाळ्यात. इथल्या कुरियरवाल्यांनी 'पत्ता अपूर्ण' असा शेरा मारून ते गोदामात ठेवून घेतलं. पत्त्यात काहीही कमी नव्हतं, दारावरच्या घंटीवर नावही होतं. बाहेर पारा पस्तिशीला, आणि पत्र्याच्या गोदामात आत काय असेल त्याची कल्पना करा. खोकं हातात आलं तेव्हा काही बुचं वर सरकलेली आणि बाटलीच्या मानेवर चिकट ओघळ. तक्रार केली तर त्यांच्या कार्यालयाचं एकच उत्तर: बाटली फुटलेली नाही, म्हणजे नुकसान झालेलं नाही. मी फोटो पाठवले, बुच का सरकतं ते समजावून लिहिलं. पुन्हा तेच छापील उत्तर, खाली फक्त वेगळं नाव. वाइन उष्णतेने खराब होते हे त्यांच्या अर्जातल्या कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. अजून संताप येतो. पैसे गेलेच, पण शाब्ली म्हणजे अशी बोथट, गोडसर वासाची वाइन, हे मत मनात बसलं ते फार उशिरा निघालं. वाइनरीतल्या माणसांची वर्षभराची मेहनत होती त्यात, आणि ती एका गोदामात उकडली गेली.

म्हणून आधी हे बघा. बुच तोंडाच्या वर आलंय का, वरचं आवरण बोटाने फिरतं का (आत गळती होऊन चिकटलं असेल तर फिरत नाही), रंग फिकट पिवळा, किंचित हिरवट आहे की सोनेरी-तपकिरीकडे झुकलाय. यातलं काही बिघडलेलं आढळलं तर ती तुलना मोडीत काढा. मात्र सगळं ठीक दिसलं म्हणून बाटली चांगलीच निघेल असं नाही. ओल्या पुठ्ठ्यासारखा वास आला तर तो बुचाचा दोष, त्याचा उष्णतेशी संबंध नाही.

आता मूळ प्रश्न. चांगल्या बाटल्या असतील तर या दोन वाइन सारख्या लागतच नाहीत. शाब्ली पूर्ण शार्दोने द्राक्षाची, फ्रान्समधल्या बुर्गुंडी प्रांताच्या उत्तर टोकाला, सेरँ नदीकाठची. पांढरी साँसेर पूर्ण सोव्हिन्यों ब्लां द्राक्षाची, ल्वार नदीच्या डाव्या काठच्या टेकड्यांवरची. गंमत अशी की दोन्ही गावं सरळ रेषेत शंभर किलोमीटरच्या आत आहेत, आणि सुमारे १५ कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्रतळाचा तोच किमरिजियन मार्ल (चुना मिसळलेल्या चिकणमातीचा थर) दोन्हीकडे सापडतो, त्यात छोट्या कालवांचे जीवाश्मही. त्यामुळे 'दोन्हीत दगडाची चव' असं लोक सांगत सुटतात. मुळं दगड शोषून पेल्यात आणत नाहीत. जमिनीचा परिणाम आहे, पण तो पाण्याचा निचरा, ऊब, द्राक्ष किती सावकाश पिकतं अशा वाटांनी येतो. फरक शोधायचा तर द्राक्षापासून सुरुवात करा.

साँसेर नाकाजवळ नेताच बोलते. पपनस, कच्चा पेरू, चुरडलेलं पान, थंड वर्षात ढोबळी मिरचीची झाक. हा हिरवेपणा सोव्हिन्योंमधल्या पायराझिन नावाच्या संयुगांचा, आणि पपनसाचा वास थायॉल गटाचा. शाब्लीला नाकाने पकडायला जाल तर हाती फारसं लागत नाही, कारण शार्दोने मुळात अबोल द्राक्ष. लिंबाची साल, हिरवं सफरचंद, ओला खडू, बस्स. तिची खरी ओळख घोट घेतल्यावर होते. शाब्लीत बहुधा धारदार मॅलिक आम्लाचं सौम्य लॅक्टिक आम्लात रूपांतर होऊ देतात, त्यामुळे आंबटपणा असूनही मध्ये एक गोलाई येते आणि शेवट लांब, किंचित खारट. साँसेरमध्ये हे रूपांतर बहुतेक जण टाळतात, म्हणून तिचा आंबटपणा सरळ, धारदार, जिभेच्या कडांवर. घोट गिळल्यावर पाच-सात सेकंद थांबून बघा, फरक तिथे सर्वांत स्वच्छ कळतो.

माझ्या मते निम्मी फजिती फ्रिजमुळे होते. चार-पाच अंशांवर दोन्ही वाइन म्हणजे थंडगार आंबट पाणी. बाटल्या वीसेक मिनिटं बाहेर ठेवा, दहा-बारा अंशांवर प्या, दोघींना एकाच आकाराचे पेले घ्या. आणि जोडी बरोबरीची निवडा: साधी शाब्ली आणि साधी साँसेर, शक्यतो एकाच वर्षाच्या. पेती शाब्लीसमोर (शाब्लीचा सर्वांत खालचा दर्जा) एकाच मळ्याची महागडी साँसेर ठेवणं अन्याय आहे. रावनो किंवा दोविसासारख्या नामांकित उत्पादकांची शाब्ली जुन्या लाकडी पिंपात मुरते, तीही या तुलनेसाठी नको (आणि परवडायलाही हवी).

नाशिकच्या सोव्हिन्यों ब्लांची सवय असेल तर साँसेर सुरुवातीला कोरडी आणि मिताक्षरी वाटेल. तो दोष नव्हे, ऊन कमी आणि पिकायला वेळ जास्त, त्याचा परिणाम आहे. खाण्याबरोबर म्हणाल तर साँसेरला शेजारच्या शाविन्योल गावचं बकरीच्या दुधाचं चीज हवंच, पण घरी मला कोथिंबिरीची हिरवी चटणी लावलेली पापलेटं तिच्याबरोबर फार आवडतात. शाब्लीबरोबर रव्यात तळलेले बोंबील, तिखट अगदी कमी. तिखट वाढलं की दोन्ही वाइन कडवट वाटू लागतात.

पुन्हा मागवायच्या असतील तर मार्च-एप्रिलमध्ये किंवा ऑक्टोबरनंतर मागवा. खोकं शुक्रवारी निघू देऊ नका, शनिवार-रविवार ते गोदामातच पडून राहतं. आत्ताच्या बाटल्यांची तक्रार कुरियरकडे करत बसू नका. बुचाचे आणि गळतीचे फोटो थेट विक्रेत्याला पाठवा. युरोपीय संघात ऑनलाइन घेतलेला माल ग्राहकाच्या हाती पडेपर्यंतची जोखीम विक्रेत्याची असते, कुरियर त्यानेच नेमला असेल तर. मी वकील नाही, तुमच्या देशातले बारकावे स्थानिक ग्राहक संघटनेकडून तपासून घ्या. उरलेली वाइन मात्र ओतून देऊ नका, बाटली बुच लावून तशीच ठेवा, विक्रेता परत मागू शकतो.