कॅग्नीच्या मागची भिंत

प्रश्न : ‘द पब्लिक एनिमी’ (१९३१) या हॉलिवूडच्या गुंडांवरच्या चित्रपटात अभिनेता जेम्स कॅग्नी कोपऱ्याआड होतो आणि भिंतीचे तुकडे उडतात. ही ट्रिक कशी केली?

उत्तर : ट्रिक कसली, गोळ्या खऱ्याच होत्या! भिंतीत बारूद पेरून गोळीबाराचा आभास करणं तेव्हा रुळलेलं नव्हतं. म्हणून मशीनगनवर पट्टीचा नेमबाज बसवला. कॅग्नी कोपऱ्याआड सरकला, की त्याच कडेवर मारा. क्षणभर उशीर झाला असता तर संपलंच. ‘एंजल्स विथ डर्टी फेसेस’च्या (१९३८) वेळी मात्र त्यानं अशा गोळ्यांपुढे उभं राहायला साफ नकार दिला.

आणि पडद्यावरचा हा गुंड मूळचा नाच्या बरं का! ऑस्करही मिळालं ते ‘यांकी डूडल डँडी’ (१९४२) या संगीतपटासाठी. मारामारीतही तो चवड्यांवर तोललेला असतो, नीट बघा.