संमोहनात माझा ताबा गेला तर?

"मॅडम, मी त्यातून जागीच झाले नाही तर?"

शिरवळच्या ताई खुर्चीच्या अगदी कडेला बसल्या होत्या, पर्स मांडीवर घट्ट धरून. मग दाराकडे एकदा बघून, आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि सासूबाईंबद्दल काही भलतंच बोलून बसले तर?"

संमोहनाचा विषय निघाला की हे दोन प्रश्न माझ्याकडे येतातच. त्यात लोकांचा दोष नाही. आपल्याकडे बहुतेकांनी संमोहन पाहिलेलं असतं ते गणेशोत्सवाच्या मांडवात, स्टेजवर, कच्चा कांदा सफरचंद समजून खाणाऱ्या माणसाच्या रूपात. म्हणून ताईंची गोष्ट त्यांच्या परवानगीने, ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते.

त्यांचं सासर शिरवळ, माहेर सातारा. हा रस्ता माहीत असलेल्यांच्या लगेच लक्षात येईल. तेव्हा शिरवळहून साताऱ्याला येताना गाडी खंबाटकीचा घाट चढून यायची, उघड्या आभाळाखाली. बोगदा लागायचा तो परत जाताना. दोन वर्षांपूर्वी परतीच्या वाटेवर त्यांची एसटी नेमकी बोगद्यात अडकली. पुढे वळणावर अपघात झाला होता. आत गाड्यांचा धूर, हॉर्न, कुणाचं तरी बाळ रडतंय. ताईंना श्वास पुरेना, हाताला मुंग्या आल्या, छातीत धडधड. "आज इथंच माझं संपतंय" असं त्यांना वाटलं. बस वीसेक मिनिटांत सुटली. पुढच्या आठवड्यात ईसीजी झाला, थायरॉईड झालं, सगळं नॉर्मल आलं.

पण बोगदा मनातून निघेना. माहेरी यायच्या हसतखेळत, आणि निघायच्या आदल्या रात्री डोळ्याला डोळा नाही. मग लोणंदवरून फिरून जाणं सुरू झालं. यजमानांना सुट्टी नसली की तेही बंद. राखीपौर्णिमा चुकली. भाचीच्या बारशाला त्या आल्या नाहीत, तेव्हा त्यांची आई मला फोन करून रडली.

"तुम्ही फक्त मला झोपवा आणि ती भीती काढून टाका," हे ताईंचं मागणं. ताबा जाईल म्हणून घाबरणाऱ्या ताईच दुसऱ्या वाक्यात मला ताबा देऊ करत होत्या. दोन्हींच्या मुळाशी समज एकच होता: जे काही घडेल ते मॅडम घडवणार, आपण नुसतं बसायचं.

मी आधी झोपेचं सांगितलं. ज्यांच्यामुळे 'हिप्नॉटिझम' हा शब्द रूढ झाला ते जेम्स ब्रेड हे मँचेस्टरमध्ये काम करणारे स्कॉटिश डॉक्टर. १८४३ साली त्यांचं यावरचं पुस्तक आलं. शब्द त्यांनी झोपेच्या ग्रीक शब्दावरून बेतला आणि पुढे त्यांनाच तो दिशाभूल करणारा वाटू लागला, कारण ही झोप नव्हेच. लक्ष एका जागी इतकं एकवटतं की बाकीचं मागे सरतं, एवढंच. कीर्तनात रंगलेली बाई आजूबाजूचं विसरते, पण तिचं पोर रडलं की बरोबर उठते. मी बोलायचं थांबले, अगदी उठून निघून गेले, तरी तुम्ही थोड्या वेळाने आपणहून डोळे उघडाल. फार तर साधी झोप लागेल आणि त्यातून जाग येईल. राहिलं गुपितांचं. जे सांगायचं नाही ते तुम्ही तिथंही सांगणार नाही, आणि मी विचारणारही नाही.

त्यांना हे पटलं का? तेव्हा तरी अर्धवटच.

पहिल्या दोन भेटींत मी संमोहनाला हातही लावला नाही. त्या सीबीटीच्या होत्या, म्हणजे विचार, भावना आणि वागणं यांची साखळी उलगडून बघण्याच्या. वहीत तीन रकाने आखले: काय घडलं, मनात काय आलं, भीतीला शंभरपैकी किती मार्क. मनात येणारं वाक्य प्रत्येक वेळी तेच निघालं, "इथली हवा संपणार." मग डॉक्टरांचे कागद पुन्हा एकदा तपासून, हृदयाची काही तक्रार नाही याची खात्री करून, मी त्यांना माझ्या खोलीतच, खिडकी सताड उघडी ठेवून, मिनिटभर जोरजोरात श्वास घ्यायला लावला. बोटांना मुंग्या, डोकं हलकं, छातीत धडधड. ताई माझ्याकडे बघतच राहिल्या. "हे तर तेच!" हवा भरपूर असतानाही तेच झालं. घाबरून भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि अंग असं वागतं. बोगद्यातली हवा त्या दिवशी संपली नव्हती.

"डोक्याला कळलं," त्या म्हणाल्या, "पण पोटाला नाही कळत."

माझ्या मते संमोहनाची जोड लागते ती इथंच. समजलेलं अंगात उतरेपर्यंत मधे एक तालीम हवी असते. १९९५ साली मानसशास्त्रज्ञ अर्विंग कर्श आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८ अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा तोच सीबीटीचा उपचार संमोहनासह दिल्यावर सरासरी परिणाम जास्त चांगला दिसला. पण हे सरासरीचं झालं. संमोहनाला प्रतिसाद देण्याची क्षमता माणसागणिक वेगळी असते. काहींना फारसा अनुभव येत नाही आणि त्यांच्यासाठी नुसती सीबीटीही पुरते.

तिसऱ्या भेटीत आम्ही सुरुवात केली. नजर एका जागी, श्वास संथ, पापण्या जड. मी सवयीने म्हणाले, "आता तुम्ही एक जिना उतरताय, एकेक पायरी खाली..." आणि ताईंनी मान हलवली. डोळे मिटलेलेच. "नको. खाली नको."

चूक माझी होती. जिन्याची कल्पना मी अनेकांबरोबर वापरली होती. जमिनीच्या पोटात जायला घाबरणाऱ्या बाईला आपण खाली नेतोय, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. मी थांबले, माफी मागितली आणि विचारलं, मग कुठं जायचं? "अजिंक्यताऱ्यावर. लहानपणी अण्णांबरोबर जायची." मग आम्ही पायऱ्या चढत गेलो, वर वारा, खाली सगळं गाव.

त्या दिवशी डोळे उघडल्यावर मी त्यांना म्हटलं, "बघा, तुम्ही मला अडवलंत." ताबा जाईल ही धास्ती माझ्या सगळ्या बोलण्याने गेली नव्हती ती त्या एका "नको"ने गेली.

पुढच्या भेटींत किल्ल्यावरच्या त्या वाऱ्यातून आम्ही मनातल्या मनात बोगद्यात शिरायचो. इथं माझं एक ठाम मत आहे. तालमीत नुसती शांतता रंगवू नये. 'तुम्हाला काहीच वाटत नाहीये' अशी सूचना दिली आणि प्रत्यक्षात धडधड झाली, तर माणसाला वाटतं उपचार फसला. म्हणून मी म्हणायचे, "धडधड आली. येऊ दे. श्वास भराभर होतोय, कशामुळे ते तुम्हाला ठाऊक आहे. बाक हाताला लागतोय. बस पुढे सरकतेय." अंगठा आणि तर्जनी जुळवली की श्वास सोडायचा, अशी एक खूणही बांधली होती. नंतर तीही सोडायला लावली, नाहीतर पाण्याची बाटली आणि यजमानांना फोन यांच्यासारखी तीही कुबडी झाली असती.

मधेच ताईंच्या वहिनींनी सुचवलं, कुणीतरी संमोहनाने पूर्वजन्मात नेऊन मूळ कारण शोधून देतं. मी स्पष्ट नाही म्हटलं. संमोहनात आठवणी शोधायला गेलं की कल्पना आणि आठवण यांची सरमिसळ होते, आणि न घडलेली गोष्ट माणूस पक्क्या खात्रीने सांगू लागतो. अशाने घरं मोडू शकतात. तसंच, कानात आवाज ऐकू येणाऱ्या एका मुलासाठी संमोहनाची चौकशी करणारे पालक माझ्याकडे आले होते. त्यांना मी त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे पाठवलं. तिथं औषधोपचार आधी लागतात, आणि संमोहनाने नुकसान होण्याचा धोका असतो.

खुर्चीतली तालीम झाली, तरी खरं काम रस्त्यावरच. साताऱ्यातल्या पोवई नाक्याचा ग्रेड सेपरेटर, म्हणजे चौकाखालून जाणारा भुयारी रस्ता, आमच्या फार उपयोगी पडला. यजमान गाडी चालवायला, ताई शेजारी, मी मागे. पहिल्या फेरीला भीती ७०. त्याच दुपारी पाचव्या फेरीला ३०. आठवडाभर रोज फेऱ्या. मग बोगदा, यजमानांबरोबर, काचा बंद करून, डोळे उघडे ठेवून. त्यानंतर एकटीने, एसटीने.

त्या दिवसाचं वहीतलं पान त्यांनी मला दाखवलं. 'अंदाज ९५. आत शिरताना ८०. बाहेर पडताना ५०. पुढची गाडी हळू होती म्हणून बस मधे थांबली. हवा संपली नाही.' शेवटच्या तीन शब्दांखाली दोन रेघा मारलेल्या.

एकूण अकरा भेटी झाल्या. यंदा भाचीच्या वाढदिवसाला त्या येऊन गेल्या, दोन दिवस राहिल्या, आणि सरळ रस्त्याने परत गेल्या. बोगद्यात अजून ३०पर्यंत जातं म्हणतात. लिफ्टमध्ये एकट्या शिरायला मात्र अजून तयार नाहीत. त्यासाठी पुढच्या महिन्यात येणार आहेत.