“मी मागे पडलो का?” : आरोग्यसंस्थेतील एका आयटी प्रमुखाचा प्रश्न

सामाजिक संस्थेत काही वर्षे घालवलेली माणसे चाळिशी ओलांडली की बहुधा एकच प्रश्न घेऊन माझ्याकडे येतात: बरोबरीचे सगळे पुढे गेले, माझे काय चुकले? गेल्या वर्षी दादरच्या माझ्या समुपदेशन कक्षात आलेल्या सेहेचाळीस वर्षांच्या गृहस्थांचा प्रश्नही हाच होता. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.)

1941 पासून परळला टाटा स्मारक रुग्णालय आहे आणि तेथे देशभरातून रुग्ण येतात. त्यांच्या औषधांची, निवासाची सोय पाहणाऱ्या एका धर्मादाय संस्थेत हे गृहस्थ अकरा वर्षे आयटी प्रमुख होते. कॉलेजचे मित्र ऐरोली-पवईच्या कंपन्यांमध्ये मोठ्या हुद्द्यांवर पोहोचले होते, आणि यांच्या मुलीची इंजिनीअरिंगची फी भरायची वेळ आली होती.

पहिल्या भेटीत माझी एक चूक झाली. “तुमच्या कामात केवढे समाधान आहे,” असे मी म्हणाले. ते शांतपणे म्हणाले, “मॅडम, समाधानावर फी भरता येत नाही.” त्यांचे बरोबर होते. पैशाची चिंता घेऊन आलेल्या माणसाला सेवाभावाची आठवण करून देणे म्हणजे त्याला गप्प बसवणेच होय.

म्हणून दुसऱ्या भेटीत आम्ही आधी पगाराबद्दल बोललो. विदेशी देणग्यांच्या कायद्यात 2020 साली दुरुस्ती झाली आणि त्या देणगीतून करता येणाऱ्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा 50 टक्क्यांवरून 20 टक्क्यांवर आली. त्यांच्या संस्थेचा बराचसा निधी परदेशातून येत असल्याने कार्यालयातील पगारवाढ तेव्हापासून अडली होती. हे त्यांना ठाऊक होते, तरीही थांबलेली वाढ म्हणजे आपल्या कुवतीवरचा शेरा आहे असे त्यांनी मनात धरले होते. या दोन गोष्टी वेगळ्या करायलाच आम्हाला दोन भेटी लागल्या.

मग मी त्यांना कोणत्याही एका दिवसाचे काम लिहून आणायला सांगितले. त्यांनी मंगळवार लिहून आणला. एका रुग्ण बाईंची नोंद एकदा ‘सुनिता’ आणि एकदा ‘सुनीता’ अशी झाली होती. अर्धे उपचार एका नोंदीत, अर्धे दुसरीत, त्यामुळे औषधांच्या मदतीचा हिशेब चुकला आणि पुढची मंजुरी अडली. त्यांनी दोन्ही नोंदी एकत्र केल्या, आणि पुढे तीन महिने खपून ऱ्हस्व-दीर्घाचा फरक बाजूला ठेवून जुनी नोंद शोधणारी सोय तयार केली. नोकरीसाठी तयार केलेल्या त्यांच्या अर्जात मात्र या साऱ्याबद्दल एवढेच होते: ‘डेटाबेसची देखभाल.’

माझ्या मते त्यांचे खरे दुखणे इथे होते. कंपनीत कामाचे मोजमाप दुसरे कोणी करून देते. संस्थेत ते स्वतःच करावे लागते, आणि तसे करणे बऱ्याच जणांना आत्मप्रौढी वाटते. आम्ही अर्ज नव्याने लिहिला. रुग्णांच्या संमतीचे मराठी-हिंदी नमुने त्यांनीच तयार केले होते. 2023 च्या डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायद्यात माहितीच्या सुरक्षेत कसूर झाल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. अशा काळात रुग्णांची माहिती इतकी वर्षे जबाबदारीने सांभाळलेल्या माणसाचा अनुभव कोणत्याही रुग्णालयाला उपयोगाचा आहे, हे त्यांनी प्रथमच कागदावर मांडले.

तो कागद घेऊन ते विश्वस्तांना भेटले. मागितलेली वाढ पूर्ण मिळाली नाही, पण एक सहायक मिळाला. त्याच सुमारास एका खासगी रुग्णालयात त्यांची मुलाखत झाली आणि निवडही झाली. मुलीच्या फीचा विचार करून त्यांनी ती नोकरी घेतली. मात्र रुजू होण्याआधी तीन महिन्यांची मुदत मागून घेतली आणि त्या काळात रोज संध्याकाळी सहायकाला शेजारी बसवून दुहेरी नोंदी कशा ओळखायच्या हे शिकवले.