फॉगिंगने डेंग्यू कमी झाला? जरा थांब

अरे, तुझा ग्राफ बघितला. ऑक्टोबरअखेर फॉगिंग, डिसेंबरपर्यंत केसेस धाडकन खाली, आणि तू सरळ लिहून मोकळा की फॉगिंगमुळे कमी झाल्या. मीपण पहिल्या वर्षी हेच केलं होतं, मीटिंगमध्ये स्लाइड लावली तर मागे बसलेल्या एक आरोग्यसेविका म्हणाल्या, "सर, थंडी पडली की डास तसेपण कमी होतात, आमच्याकडे तर फॉगिंगचं मशीन बंदच होतं." असला हशा पिकला की विचारू नको.

गणिती मॉडेल लागतं ते यासाठी, फॉगिंग केलंच नसतं तर केसेस कुठे गेल्या असत्या ती दुसरी रेघ काढायला.

आणि औषधाने डासाचं नेमकं काय बदललं ते आधी ठरव. ब्रिटिश डॉक्टर रोनाल्ड रॉसने 1897 मध्ये सिकंदराबादला डासात मलेरियाचा परजीवी शोधला ते सगळ्यांना माहीत असतं, पण पुढे त्यानेच समीकरणं मांडून दाखवलं की शेवटचा डास मारायची गरज नाही, संख्या एका पातळीखाली आली तरी पुरे. मग 1950 च्या दशकात जॉर्ज मॅकडोनाल्ड या मलेरियातज्ज्ञाने दाखवलं की संख्येपेक्षा डासाचं वय महत्त्वाचं. डेंग्यूलाही तेच लागू, कारण विषाणू डासात पिकायला साधारण 10 दिवस लागतात, त्याआधी मेलेला डास रोग पसरवतच नाही. समज, रोज 100 पैकी 90 डास जगतात, तर 10 दिवसांनी 35 उरले. 80 जगले तर फक्त 11. वर जे उरले त्यांचं पुढचं आयुष्यपण निम्म्यावर, म्हणजे धोका जवळजवळ सातपट कमी! अळ्या निम्म्या केल्या तर धोका फक्त निम्म्यावर येतो. कॅल्क्युलेटरवर करून बघ, माझ्यावर विश्वास ठेवू नको.

पण कागदावरचे डास शहाणे असतात हां. नायजेरियात 1970 च्या दशकात गार्की प्रकल्पात घराघरात फवारणी केली, औषधं वाटली, मलेरिया खूप उतरला पण थांबला नाही, डासांचा एक भाग बाहेरच बसायचा, भिंतीवरच्या औषधाला शिवायचाच नाही. आपल्याकडे उलटं, डेंग्यू पसरवणारा एडिस डास घरात कपाटामागे, टांगलेल्या कपड्यांत बसतो आणि गाडी धूर सोडते रस्त्यावर, ती दिसली की लोक खिडक्या लावून घेतात.

तर आता मागच्या पाच वर्षांच्या आठवड्यावार केसेस घे, पाऊस-तापमान जोड, आणि फॉगिंगच्या रजिस्टरमध्ये धूर घरात किती ठिकाणी गेला ते बघ. मग पाठव, शनिवारी बसू.