भाजीच्या शतावरीचं (अ‍ॅस्परॅगस; औषधी शतावरी नव्हे) झाड नर आहे की मादी, हे कसं ओळखायचं?

फुलं येईपर्यंत थांबा, त्याआधी खात्रीनं सांगता येत नाही. कोंब जाड म्हणजे मादी, हा नुसता अंदाज; मादीचे कोंब बहुधा जाड पण कमी असतात, इतकंच.

फुलं घंटेसारखी, हिरवट-पिवळी आणि इवलीशी, म्हणून भिंग घ्याच. नराचं फूल लांबट आणि मोठं, आत ६ पुंकेसर परागानं भरलेले. मादीचं फूल छोटं, मधोमध ३ फाट्यांचा स्त्रीकेसर. पुंकेसर असतात, पण खुरटलेले. भिंग नसेल तर पुढं लाल फळं धरतात का बघा. धरली तर मादी. ती फळं खाऊ नका, विषारी असतात.

मादी झाडं उपटायची मात्र गरज नाही. फळं गळण्याआधी फांद्या छाटल्या की रोपांचं तण माजत नाही.