ऑफ-रोड गाडी घ्यावी की खास चालवण्याच्या आनंदासाठी बनवलेली? खरी मजा कशात आहे?

तुम्ही लिहिलंय की हौसेची एकच गाडी घ्यायची आहे आणि दोन मित्र दोन बाजूंनी ओढतायत. एक म्हणतो, दगडधोंड्यांतून आणि चिखलातून निघते तीच गाडी, बाकी सगळी खेळणी. दुसरा म्हणतो, उंच आणि जड गाडी चालवण्यात चालवणं असं काही नसतंच.

मी दोन्ही वापरल्या आहेत. आधी आठ वर्षं लॅडर फ्रेमची, म्हणजे शिडीसारख्या लोखंडी सांगाड्यावर बॉडी बसवलेली फोर बाय फोर होती, आता इंजिनचा जोर मागच्या चाकांना देणारी दोन सीटची हलकी गाडी आहे. माझं उत्तर आधीच सांगतो: तुमचे बहुतेक किलोमीटर डांबरावर जाणार असतील तर हलकी, बुटकी गाडी घ्या. पण तुमच्या दुसऱ्या मित्राचं कारण मला अजिबात पटत नाही, आणि ते का पटत नाही हे सांगितल्याशिवाय हे उत्तर अर्धवट राहील.

ऑफ-रोडमध्ये मजा नाही असं म्हणणाऱ्याने एकदा दगडांच्या चढावर लो रेंजमध्ये, म्हणजे वेग कमी करून जोर वाढवणाऱ्या जादा गिअरजोडीत, पहिला गिअर टाकून बघावा. क्लच सोडला की पाय मोकळे. इंजिन आयडलवर गुरगुरतंय आणि गाडी माणसाच्या चालीपेक्षाही हळू वर सरकतेय. जीप रँग्लर रुबिकॉनच्या मॅन्युअल गिअरबॉक्समध्ये हे प्रमाण सुमारे 84 ला 1 आहे, म्हणजे इंजिन 84 वेळा फिरतं तेव्हा चाक एकदा. आयडलला हिशेब केला तर ताशी दीड किलोमीटर. पुढे उभा असलेला सोबती दोन बोटांनी खूण करतो, डावीकडे, अजून थोडं, बस. पुढचं डावं चाक दगडाला टेकतं, क्षणभर थबकतं आणि चढतं. त्याच वेळी मागचं उजवं चाक जमीन सोडतंय हे सीटमधून कळतं, कारण गाडी त्या कोपऱ्यात हलकी होते. हे कळणं म्हणजेच चालवणं. वेग नसला म्हणून काय झालं? तिथे दर फुटाला निर्णय घ्यावा लागतो.

आणि त्या चढावर गाडी जे करते त्यामागे विचार आहे. दोन्ही चाकांना जोडणारा सरळ दांड्याचा रिजिड ॲक्सल लोकांना जुनाट वाटतो. पण दगडावर एक चाक वर उचललं गेलं की तोच दांडा दुसऱ्या चाकाला खाली दाबतो, आणि डिफरन्शियलचा, म्हणजे इंजिनचा जोर डाव्या-उजव्या चाकांत वाटणाऱ्या गिअरांचा, गोळा जमिनीपासून जवळपास तेवढाच उंच राहतो. स्वतंत्र सस्पेन्शनमध्ये तो गोळा बॉडीला बांधलेला असतो. स्प्रिंग दबली की तो खाली येतो आणि नेमका दगडावर आपटतो. डिफरन्शियल लॉकचंही तसंच. साधं डिफरन्शियल दोन्ही चाकांना सारखाच जोर देतं, म्हणून एक चाक हवेत गेलं की जमिनीवरच्या चाकालाही जवळपास काही मिळत नाही, आणि चाक नुसतं गरगरत राहतं. लॉक लावला की दोन्ही चाकं एकत्रच फिरतात. 1979 च्या मर्सिडीज जी-क्लासची ख्याती अशा लॉकवरच उभी आहे.

आता हाच रिजिड ॲक्सल आणि हीच उंची घेऊन डांबरी घाटात चला. ॲक्सलचं सगळं वजन स्प्रिंगच्या खाली असतं, त्यामुळे वळणात खड्डा आला की अख्खा दांडा उडतो आणि चाकं क्षणभर पकड सोडतात. उंची जितकी जास्त, तितकं वळताना वजन बाहेरच्या चाकांवर जास्त झुकतं. मी हे अंगावर घेतलंय. स्प्रिंगा बदलून मी गाडी दोन इंच उंच केली होती, वर जाड खाचांचे मड टायर चढवले होते. मोकळ्या रस्त्यावर नव्वदच्या आसपास असताना समोर कुत्रं आलं आणि मी स्टीअरिंग झटकन फिरवलं. गाडी आधी एका कुशीवर गेली, मी परत फिरवल्यावर दुप्पट जोराने दुसऱ्या कुशीवर आली. पलटली नाही, पण ती दुसरी झोकांडी मला आजही आठवते. दोष गाडीचा नव्हता. तिला जे कधी जमणार नव्हतं ते मी तिच्याकडून मागत होतो.

बुटक्या गाडीत हीच हालचाल वेगळ्या भाषेत कळते. मध्यम वेगाच्या लांब वळणात ॲक्सिलरेटर जरासा सोडा. वजन पुढे येतं, पुढचे टायर जास्त चावतात आणि गाडीचं नाक आपणहून आत वळतं. परत पाय दिला की मागची बाजू खाली बसते आणि गाडी वळणातून बाहेर ढकलली जाते. पुढच्या टायरची पकड संपत आली की स्टीअरिंग हातात हलकं पडायला लागतं, आणि हा इशारा घसरण्याच्या आधी येतो, नंतर नाही. 1989 मध्ये आलेल्या पहिल्या माझदा एमएक्स-5 ला हे सगळं 1.6 लिटरच्या साध्या इंजिनात जमलं होतं, कारण वजन टनाच्याही आत होतं आणि ते पुढच्या-मागच्या चाकांवर जवळपास समान वाटलेलं होतं. घोडा आणि स्वार एक, अशा अर्थाचा एक जपानी शब्दप्रयोग माझदाचे लोक या गाडीसाठी वापरतात. मी जाहिरातीतल्या शब्दांवर सहसा विश्वास ठेवत नाही, या एका शब्दावर ठेवतो. टोयोटाने 2012 च्या जीटी-86 वर मुद्दाम माफक पकडीचे टायर दिले, इंधन वाचवणाऱ्या प्रियसवर येतात त्या जातीचे. पकड कमी म्हणजे गाडीची मर्यादा कमी वेगातच हाताला लागते, आणि तिच्याशी खेळायला जीव धोक्यात घालावा लागत नाही. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटतो.

म्हणून मला वाटतं, तुमचे मित्र एकाच गोष्टीवर प्रेम करतात आणि भांडतायत मात्र उंचीवरून. दगडावर असो की वळणात, चार टायर जमिनीला कुठे आणि किती धरून आहेत हे ओळखायचं आणि त्याप्रमाणे हात-पाय चालवायचे, काम तेच. दोघांचा शत्रूही एकच आहे, वजन. 1941 ची विलीस जीप टनभराच्या आसपास होती. 2018 ची सुझुकी जिम्नीही सुमारे 1,100 किलोची आहे, आणि पुढे 37 अंश, मागे 49 अंशांचे कोन घेऊन (म्हणजे एवढ्या उभ्या चढ-उतारालाही बंपर घासत नाही) ती जिथून निघते तिथे तिच्या दुप्पट वजनाच्या गाड्या चिखलात रुतून बसतात. कमी वजनाला कमी ताकद पुरते, कमी ब्रेक पुरतो, आणि जमिनीचा निरोप हातापर्यंत येताना मधे कमी अडवला जातो.

या दोन जगांमध्ये भिंत नाही याचा मला सर्वात आवडणारा पुरावा इल्टिस नावाच्या गाडीचा आहे. ही सैन्यासाठी बनवलेली फोक्सवॅगनची साधीसुधी फोर बाय फोर, 75 हॉर्सपॉवरची. सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धात फिनलंडच्या बर्फात चाचण्या चालू होत्या आणि योर्ग बेन्झिंगर या ऑडीच्या इंजिनिअरच्या लक्षात आलं की हा उंच, चौकोनी डबा तिथल्या कितीतरी जास्त ताकदीच्या गाड्यांना मागे टाकतोय. चारही चाकांना जोर देण्याची ही युक्ती रस्त्यावरच्या वेगवान गाडीत का घालू नये, असा विचार तिथून सुरू झाला. 1980 च्या मार्चमध्ये जिनिव्हाला ऑडी क्वाट्रो लोकांसमोर आली, आणि पुढे 1982 आणि 1984 ला तिच्या जोरावर ऑडीने जागतिक रॅलीचं उत्पादकांचं विजेतेपद घेतलं. इल्टिसनेही 1980 ची पॅरिस-डाकार ही वाळवंटातली लांब शर्यत जिंकली. दगडमातीच्या गाडीने वळणांच्या गाडीला जन्म दिला, हे तुमच्या दोन्ही मित्रांना सांगा.

माझी खरी नाराजी आहे ती मधल्या गाड्यांवर. बॉडी उंच, वजन दोन टन, चाकांच्या कमानीवर काळं प्लास्टिक, पण लो रेंज नाही, लॉक नाही, टायर रस्त्याचे आणि स्टीअरिंग मुकं. कुटुंबाच्या प्रवासासाठी ती सोयीची असेल, त्याबद्दल वाद नाही. पण तुम्ही हौसेची गाडी विचारली आहे, आणि दोन्ही मित्रांची समजूत काढायला म्हणून असली गाडी घेऊन बसाल तर तुमच्या हाती दोन्हींतलं काहीच लागणार नाही.

ऑफ-रोडची ओढ वाटत असेल तर एक हिशेब आधी करा. ती गाडी एकट्याने वापरायची गाडी नाही. रुतल्यावर ओढायला दुसरी गाडी लागते, शॅकल (पट्टा गाडीला अडकवायची लोखंडी कडी) आणि ओढपट्टा लागतो, वाळूत टायरची हवा तीस पीएसआयवरून पंधरा-अठरापर्यंत उतरवावी लागते आणि डांबरावर परत यायच्या आधी ती भरावी लागते. असे सोबती आणि महिन्यातून एखादा मोकळा दिवस असेल तर जरूर घ्या, त्या गाडीसारखा संयम दुसरी कुठलीच गाडी शिकवत नाही. उतारावर ब्रेकवर पाय न ठेवता इंजिनच्या धरण्यावर विश्वास ठेवायला मी तिच्यामुळेच शिकलो, आणि आज घाट उतरताना खालच्या गिअरमध्ये राहायची सवय तिथूनच आली आहे. हलक्या गाडीला मात्र बेत लागत नाही. कामावरून येताना एक वळण चांगलं जमलं तरी दिवस सार्थकी लागतो. माझी निवड शेवटी यावरच ठरली.

चाचणीला जाल तेव्हा पहिल्या दहा मिनिटांत वेग वाढवू नका. खिडकी खाली करा, तीस-चाळीसच्या वेगाने ओळखीच्या खराब रस्त्यावरून चला आणि रस्त्याचा पोत कुठे बदलतो ते न बघता, नुसत्या हातांनी सांगता येतं का ते पाहा. फोर बाय फोर बघायला गेलात तर विक्रेत्याला सांगून लो रेंजमध्ये पहिल्या गिअरवर एक उभा उतार उतरून बघा, पाय सगळ्या पेडलांपासून दूर ठेवून.